पाठ आपली, जमीन आपली

गुल्हाने काकाजी कुठेही जायला निघाले की आधी परत यायची गाडी विचारायचे.

मी तेव्हा आर्वीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत होतो. पंचाण्णव सालाच्या आसपासची गोष्ट. समोर जाळी, जाळीला हात जाईल एवढं अर्धगोल भोक, मागे पाटीवर खडूनं लिहिलेल्या गाड्यांच्या वेळा, आणि एक माईक, जो दोनदा थोपटल्याशिवाय बोलत नसे. लोक यायचे, वर्ध्याची कधी, पुलगावची गेली का, असं विचारून जायचे. एक दिवस पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि बगलेत कापडी पिशवी असा एक उंच माणूस भोकाशी वाकला.

"अमरावतीहून आर्वीले आखरी गाडी किती वाजता?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोणाला घ्यायला यायचंय का?"

"नाई. मीच जाऊन राह्यलो."

"मग जायची वेळ सांगू का?"

"जाची तं लागंनच कोनतीबी. येची सांग."

मी सांगितली. त्यांनी ती पिशवीतल्या छोट्या वहीत लिहिली, मला परत वाचून दाखवली, आणि म्हणाले, "बात खतम." मग जाऊन समोर लागलेल्या गाडीत बसले.

डेपोतल्या कंडक्टरांनी त्यांचं नावच आखरी गाडीवाले काकाजी ठेवलं होतं. माणूस बाजारातला प्रतिष्ठित. दोरखंड, ताडपत्र्या, कासरे, सुतळी असं सगळं विकणारं त्यांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात शिरलं की अंबाडीच्या वासानं शिंक यायची. लग्नाला, बारशाला, मयतीला काकाजी सगळीकडे जात. मनापासून जात, पोटभर जेवत, वाढायला उभे राहत. पण संध्याकाळ उतरली की हात जोडत. यजमान आग्रह करायचे, गादी घातलीय म्हणायचे, टोपी लपवून ठेवायचे. काकाजी बिनटोपीचे निघून यायचे. आर्वीबाहेरच्या पाच-सहा घरांत त्यांच्या टोप्या होत्या, असं सुमनकाकू सांगायच्या.

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. मी त्यांच्याच गल्लीत खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा पुष्कळ गोष्टी मला त्यांच्याकडून कळल्या. "आमचं लग्न हिंगनघाटले झालं," त्या म्हणाल्या, "मुहूर्त सकाळचा. दुसरा मुहूर्त यायनं घेऊच नाई देल्ला. वरात जेवली अन् संध्याकाळच्या आत आर्वीत. माह्या मायले रडाले टाइम नाई भेटला."

माहेरी काकू एकट्या जात. काकाजी त्यांना पोचवायला जात आणि तिथल्याच आखरी गाडीनं परतत. आठ दिवसांनी आणायला जात, तेही तसेच.

कारण विचारलं तर एकच उत्तर मिळायचं. "पाठ आपली, जमीन आपली. बात खतम." स्वतःच्या घरीसुद्धा ते पलंगावर झोपत नसत. खाली सतरंजी, सतरंजीवर चादर. आपली पाठ आपल्याच जमिनीला लागली पाहिजे, दुसऱ्याच्या जमिनीवर नाही. गावात याचे वेगवेगळे अर्थ लावले जात. कोणी म्हणे घोरतात, म्हणून लाजतात. कोणी म्हणे जागा बदलली की पोट बिघडतं. एका दूरच्या मेहुण्यानं तर त्यांना झोपेत चालायची सवय असल्याचं पसरवलं होतं. काकाजींनी यातलं काहीच खोडून काढलं नाही.

त्यांना एकच मुलगी, वंदू. ती लग्न करून पुलगावला गेली तेव्हा काकाजी खूश होते, कारण पुलगावहून आर्वीला गाड्याच गाड्या. महिन्यातून दोनदा जायचे, हातात कधी संत्री, कधी भुईमुगाच्या शेंगा. मुलीच्या घरचं पाणी पीत नसतील, म्हणून राहत नसतील, असं मला वाटायचं. तसंही नव्हतं. तिच्या घरी ते दोनदा जेवायचे, दुपारी पुन्हा चिवडा मागायचे. फक्त अंथरुणाची वेळ त्यांना चालत नसे.

मग जावयाची, म्हणजे प्रशांतरावांची, बदली नांदेडला झाली.

काकाजी खिडकीशी आले. "नांदेडहून आर्वीले आखरी गाडी?"

मी त्यांना बसवून समजावलं. सरळ गाडी नाही. यवतमाळला बदलावी लागेल. सकाळी निघालात तर दुपार टळल्यावर पोचाल, आणि त्याच दिवशी परत यायचं तर तिथे पोचल्या पोचल्या मागे फिरावं लागेल. काकाजींनी वही उघडली, पेन काढलं, काहीच लिहिलं नाही आणि वही मिटली. त्यांनी बात खतम न म्हणता जाण्याची ती पहिलीच वेळ.

तीन वर्षं गेली. वंदू दिवाळीला यायची, काकाजी जायचे नाहीत. काकू जाऊन राहून आल्या. मग नांदेडच्या टोकाला वंदू आणि प्रशांतरावांनी लहानसं घर बांधलं. वास्तू ठरली. वंदूचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. काकाजींनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बाबा, या वक्ताले संध्याकाळची गाडी पकडाची असन तं येऊच नका. मी लोकाईले काय सांगू? माह्या बापाले माह्या घरी एक रात काढनं होत नाई म्हनून?"

"तसं नाई व बाई."

"मंग कसं आहे?"

काकाजी रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत राहिले. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर वंदू फोनवर फक्त आईशी बोलू लागली.

पंधरा दिवसांनी काकाजींच्या दारात एक मॅटाडोर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'गुलमोहर ब्रास बँड, आर्वी. शादी-ब्याह के लिये मिलिये.' बँडवाल्यांनी मोठी गाडी घेतली होती, ही काढून टाकली होती. आत ढोल टांगायचे आकडे होते आणि मागच्या दारावर एक नाचणारी बाई रंगवलेली होती, तिचं डोकं दाराच्या एका झडपेवर आणि धड दुसऱ्या झडपेवर.

काकू उंबऱ्यात येऊन पाहून गेल्या. "कोनाचं लगन हाय?"

"आपली खोली हाय हे," काकाजी म्हणाले. "वंदूच्या घरासमोर लावू. तिच्याकडंबी राह्यलो, अन् पाठबी आपल्याच जमिनीवर. बात खतम."

एका रात्रीसाठी गाडी विकत घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पण काकाजींना त्यात विचित्र काही वाटत नव्हतं. तरुणपणी दुकानाचा माल स्वतः टेंपो चालवून आणलेला, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एकच होता, जमिनीचा. मॅटाडोरचा तळ म्हणजे पन्हाळी पत्रा. त्यावर पाठ टेकली की फासळ्या मोजून मिळायच्या. जागोजागी गंज, आणि वर्षानुवर्षं ढोल ठेवून पडलेले खड्डे. काकूंनी शेणानं सारवायचं सुचवलं. ते चेष्टेत होतं, पण काकाजींनी त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला.

शेवटी त्यांना नागपुरात लॅमिनेटच्या पट्ट्या दिसल्या. तेव्हा ही वस्तू आमच्याकडे नवीनच होती. आत दाबलेला लाकडाचा भुसा, वरून लाकडाचं चित्र, आणि कडांना खाचा. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत तिरपी घालायची आणि दाबायची, की टक्क करून बसते. खिळा नाही, डिंक नाही. दुकानदाराकडे वेगवेगळ्या कामांतून उरलेल्या पेट्या पडल्या होत्या, त्या त्यानं स्वस्तात दिल्या. तीन पेट्या, तीन रंग. एक काळपट, एक मधासारखी, आणि एक थेट भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाची. काकाजी त्या आखरी गाडीच्या टपावर बांधून आले. दोर अर्थातच दुकानातला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला हाक आली, "बाबू, ये बरं." चौकशीच्या खिडकीतला म्हणून ते मला बाबू म्हणत.

मी गेलो तर पट्ट्यांच्या पेट्या मॅटाडोरमध्ये आडव्या ठेवलेल्या आणि काकाजी नुसते बसलेले.

"सुरू करायचं ना?"

"आज नाई. दुकानदार म्हने, दो दिन गाडी में पडी रहने दो, फिर बिछाना. जिथं लावाची तिथली हवा लागाले पाह्यजे म्हनते तिले."

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाकडाले समजते. दोन दिवस राहून पाहाव लागते म्हनून."

काकाजींनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी काम सुरू झालं. आधी गंज खरवडून रंगाचा हात दिला, मग पन्हाळीवर प्लाय बसवला, प्लायवर दुकानदारानं दिलेला पातळ फोम अंथरला. इथपर्यंत सगळं बरं चाललं. पहिली ओळ आम्ही उलटी लावली. जीभ भिंतीकडे आणि खाच आमच्याकडे. चार ओळी झाल्यावर कळलं. काढल्या, पुन्हा लावल्या. मग चाकांवरचे फुगे आले. मॅटाडोरमध्ये मागच्या चाकांच्या जागी पत्रा आत कमानीसारखा येतो, त्या आकारात पट्टी कापायची होती. काकाजींनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणल्या, एकेक फुग्याला टेकवून कात्रीनं आकार काढला, तो पट्टीवर ठेवून पेन्सिलनं रेघ मारली आणि आरीनं कापलं. तीन पट्ट्या वाया गेल्यावर चौथी अशी बसली की काकाजी तिच्यावरून अर्धा मिनिट तळवा फिरवत राहिले.

रंगांचं त्यांनी स्वतःच ठरवलं. दाराशी काळपट, कारण तिथे पाय पडणार. मधे टरफलाची. आणि आतल्या बाजूला, जिथे डोकं यायचं, तिथे मधाची.

मी एकच गोष्ट म्हटली. दुकानदारानं सांगितलं होतं की भिंतीला लागून चारी बाजूंनी बोटभर फट सोडा. काकाजींना ते पटेना.

"आपल्या खोलीत फट काऊन ठेवाची? झुरळं याले?"

"उन्हानं पट्ट्या वाढतात म्हणे."

"वाढून वाढून किती वाढंन?" असं म्हणत त्यांनी शेवटची ओळ ठोकळा लावून हातोडीनं अशी बसवली की मधे ब्लेडसुद्धा जाणार नाही. मग पालथं पडून गाल जमिनीला लावला. "सरळ आहे," ते म्हणाले. "बात खतम."

मे महिना होता. आर्वीचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत फट्ट असा आवाज झाला. लोक टायर फुटला म्हणून बाहेर आले. चारही टायर शाबूत होते. मागचं दार उघडलं तर जमीन मधोमध उंटासारखी उठलेली. दोन पट्ट्या खाचेतून सुटून एकमेकींना टेकून उभ्या होत्या, लहान मुलं पत्त्यांचं घर करतात तशा.

मला हसू आलं होतं, पण काकाजींचं तोंड पाहून मी ते गिळलं. वास्तू चार दिवसांवर होती. ते त्या उठलेल्या जमिनीच्या कडेला पाय खाली सोडून बसले. मग म्हणाले, "उचकट बाबू. पुन्हा लावू."

आम्ही एका कडेनं पट्ट्या काढू लागलो. काकाजींची माझ्याकडे पाठ होती. तसंच, काम करता करता, न विचारताच ते बोलायला लागले.

"आमच्या गावी शाळा चौथीपावतर. तळेगावच्या अलीकडं गाव. बाप मेलता. मायनं मले पाचवीसाठी आर्वीत आनून सोडलं. खोली करून द्याची ताकद नोती. चार नातेवाईक होते, त्याईच्याकडं पाळीपाळीनं राह्यलो. आठ दिवस इथं, आठ दिवस तिथं. वळकटी घ्याची अन् निंगाचं."

"त्रास होता का?"

"नाई बाबू. कोनी वाईट नोतं. कोनी मारलं नाई, उपाशी ठेवलं नाई. मी दाराशी झोपो, जिथून समदे ये-जा करत. तं एक मावशी होती. ते पहाटं झाडाले उठे. मी झोपेत असलो तं ते काही म्हने नाई. झाडू घेऊन माह्या पायाशी नुसती उभी राहे. मले जाग आली का डोळ्यासमोर ते उभी. काही बोले नाई. मंग मी तिच्या आधी उठाले लागलो. मंग त्याच्याबी आधी. मंग झोपच येनं बंद झालं."

त्यांनी दोन पट्ट्या एकमेकींपासून सोडवल्या, नीट एकावर एक ठेवल्या.

"सहा वर्सं. मॅट्रिक होईपावतर. आजबी कोनाच्या घरी पडलो का मले वाटते, पायाशी कोनी उभं हाय."

मी म्हटलं, "पण काकाजी, वंदूच्या घरी तसं कसं वाटेल? पोटची मुलगी आहे."

"नाईच वाटलं पाह्यजे." त्यांनी एक पट्टी उचलून बाजूला ठेवली. "पन वाटलं तं? तिच्या घरीबी तसंच वाटलं, तं मंग कुठी जाऊ मी?"

त्या दिवशी आम्ही जमीन पुन्हा लावली. चारी बाजूंनी बोटभर फट सोडून. फट काकाजींनीच पुन्हा पुन्हा बोट घालून तपासली, आणि वरून ती झाकायला दुकानातली अंबाडीची जाड दोरी कडेनं फिरवली. ती इतकी सुंदर दिसली की नागपूरच्या दुकानदारानं पाहिली असती तर विकायला ठेवली असती.

नांदेडला मीही गेलो. काकूंचं म्हणणं होतं की रस्त्यावरच्या पाट्या वाचायला कोणी तरी हवं. काकाजी पाट्या वाचत नाहीत, माणसांना विचारतात, आणि ज्याला विचारतात त्याच्याकडे चहा पितात. मी तीन दिवसांची रजा टाकली. पहाटे निघालो. पुलगाव, यवतमाळ करत मॅटाडोर बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या चालीनं जात होती. गावागावांतून पोरं मागे धावत, वाजवा वाजवा म्हणत. यवतमाळच्या पुढे चहाला थांबलो तर एक पागोटेवाला गृहस्थ काकाजींना बाजूला घेऊन तारीख विचारू लागला. पुतण्याचं लग्न होतं.

"तारीख खाली नाई," काकाजी गंभीरपणे म्हणाले.

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "घेऊन टाकाची होती. तुमी ढोल वाजवला असता, मी झांजा."

दुपारी तीनला पोचलो. वास्तू दुसऱ्या दिवशी होती, पण मांडव घातला होता आणि पाहुणे जमले होते. गाडी पाहून सगळे रस्त्यावर आले. प्रशांतरावांचे वडील धोतराचा सोगा सावरत पुढे झाले. "बँड कुणी सांगितला? आम्ही तर बँड सांगितला नव्हता." मग त्यांनी आत डोकावून पाहिलं. "आणि माणसं कुठायत?"

काकाजी खाली उतरले, हात जोडले. "मानसं एवढीच हाईत."

वंदू मांडवातून आली. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग त्या दोन झडपांवर विभागलेल्या बाईकडे. मागचं दार उघडं होतं. आत तीन रंगांची जमीन चकचकत होती, कोपऱ्यात सतरंजीची वळकटी ठेवलेली.

"हे काय आहे बाबा?"

"खोली. तूच म्हनलं होतं न, रात काढा. काढतो."

"बाबा, घरात चार खोल्या आहेत."

"माह्याजवळबी एक आहे."

वंदू वळली आणि आत गेली. तिच्या पाठीवरून काही कळलं नाही, पण काकू तिच्या मागोमाग घाईनं गेल्या. संध्याकाळी जेवणं झाल्यावर काकाजी खरंच उठले, सगळ्यांना हात जोडले आणि गाडीत जाऊन झोपले. वंदूनं तांब्याभर पाणी आणि एक उशी पाठवली, स्वतः आली नाही. दुसऱ्या दिवशी वास्तू छान झाली. काकाजींनी सगळ्या पंक्ती वाढल्या, पुरणावर तूप सोडताना प्रत्येकाला आग्रह केला, आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत. गल्लीतल्या बाया गॅलरीतून बघत होत्या. वंदूनं मान खाली घालून भांडी आवरली.

माझी रजा संपली. मी एसटीनं परत आलो. निघताना काकाजींना विचारलं, तर म्हणाले, "दोन दिवसानं येतो."

आले ते अकरा दिवसांनी.

मधलं काकूंनी सांगितलं. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतरावांनी गच्चीवरच्या टाकीसाठी मोटार लावली आणि ते कामावर गेले. वंदू आणि काकू स्वयंपाकघरात वास्तूचा पसारा आवरत होत्या, मोटारीचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. टाकी भरली, आणि तिच्या वरच्या नळीतून पाण्याची धार खाली पडत राहिली. गाडी नेमकी त्या भिंतीला लागून उभी होती. बँडवाल्यांनी टपावर भोंगा बसवला होता, तो काढल्यावर उरलेलं भोक आम्ही डांबरानं बुजवलं होतं, पण ते उन्हानं वितळून बसलं होतं. सगळं पाणी आत. पट्ट्या फुगल्या, कडा वर आल्या, फोम स्पंजासारखा भरला. प्रशांतराव संध्याकाळी आले तेव्हा त्यांना तोंड कुठे लपवावं कळेना.

"अन् काकाजी?" मी विचारलं.

"काही नाई म्हनले. पोरीनं सतरंजी उचलली अन् समोरच्या खोलीत टाकली. हे तिच्या मांगं मांगं गेले. पडले. मी म्हनलं, आता रातभर कुशी बदलन हा मानूस. सकाळी साडेआठ वाजले उठाले. मी लगन झाल्यापासून पाच वाजल्यानंतर झोपलेलं पाह्यलं नाई यायले. वंदूनं कुकर नाई लावला, नळ नाई सोडला. जावई बाहेर वट्ट्यावर चहा पेले. मी दोनदा जाऊन पाह्यलं, श्वास चालू हाय का. उठल्यावर पोरीले म्हनते, मले काऊन नाई उठवलं? पोरगी म्हने, काऊन उठवाव?"

पुढच्या रात्रीही ते आतच झोपले, आणि त्याच्या पुढच्याही.

गाडी परत आली त्या रविवारी मी ती जमीन उचकटायला गेलो. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि त्या शेजारी गेल्या. काकाजी प्रसन्न होते. नांदेडच्या बाजाराबद्दल, जावयाच्या वडिलांबद्दल बोलत होते. दिवाळीला पुन्हा जायचं म्हणत होते, एसटीनं. मी जाताना कुठली गाडी धरावी ते सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि पुढचं काही विचारलं नाही.

पट्ट्या हातात घेऊन मी पाहत होतो. एव्हाना मलाही त्या मालाची थोडी ओळख झाली होती. जाताना गाडीत काकूंचा तांब्या सांडला होता, आम्ही उमरखेड येईपर्यंत, चांगला तासभर, ते पाणी पुसलं नव्हतं, तरी पट्टीला काही झालं नव्हतं. इथे कडा बोटभर फुलल्या होत्या, वरचं लाकडाचं चित्र सुटून आलं होतं. हे काही पाच-दहा मिनिटांच्या पाण्याचं काम नव्हतं.

"काकाजी," मी म्हटलं, "हे पाणी दोन तास तरी पडत असलं पाहिजे."

"असंन."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"गाडीतच होतो. पेपर वाचत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हातातल्या पट्टीची फुगलेली कड अंगठ्यानं दाबत होते.

"मग आवाज नाही आला?"

"आला न. टपावर पानी पडते तं आवाज येतेच. मंग आत याले लागलं. मी सतरंजी उचलून ड्रायव्हरच्या शीटवर ठेवली, अन् बसलो."

"मोटार बंद करा म्हणून हाक नाही मारली?"

"दोनदा तोंड उघडलं," काकाजी म्हणाले. "मंग म्हनलं, भिजू दे."

आणि ते पुढची पट्टी काढायला वाकले.